सात वारांचा उपास

गहू मला सोसत नाही हे कळलं तेव्हा मी छत्तिशी ओलांडली होती. त्याआधी दोनेक वर्षं पोट कधी फुगायचं, कधी बिघडायचं, वजन उतरत चाललं होतं आणि चाकणला कंपनीत जिना चढले की धाप लागायची. मैत्रिणी म्हणायच्या, "काय बारीक झालीस गं! काय करतेस काय?" आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातून खूश व्हायचे. शेवटी चिंचवडच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतलं पाहिलं आणि सांगितलं, "सीलिअॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्यांना चालत नाही. गहू, मैदा, रवा, बार्ली, सगळं बंद. कणभरसुद्धा नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"कायमचं."

"आणि औषध?"

"हेच औषध."

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना मी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पिशवीतली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "एवढंच ना? आमच्या लातूरकडं लग्न होईस्तोवर मी ज्वारीच खाल्ली. गहू सणावाराला. बघ, कशी धडधाकट आहे."

घरचा प्रश्न त्यांनी आठवड्यात सोडवला. कणकेचा डबा माळ्याजवळच्या फळीवर गेला. ज्वारी, बाजरी, तांदूळ दळायला छोटी घरघंटी आली, कारण बाहेरच्या गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तरी मला बाधते. नवऱ्याच्या चपात्या सगळ्यात शेवटी, वेगळ्या तव्यावर, आणि त्या लाटून झाल्या की ओटा दोनदा पुसायचा. हिंगाची डबीही गेली. हिंगात गव्हाचं पीठ घालतात हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. डबीमागची बारीक अक्षरं वाचून सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे आपण इतकी वर्षं वरणात कणीकच टाकत होतो की!"

दोन-तीन महिन्यांत माझ्या अंगात ताकद आली. पण खरी पंचाईत बाहेरची होती, कारण बाहेर खाणं हा आमच्या दोघींचा जीव की प्राण.

हे जरा सांगायला हवं. सासऱ्यांनी पिंपरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं तिन्ही शिफ्ट केल्या आणि सासूबाईंनी तीस वर्षं त्यांचे डबे भरले. सासऱ्यांना बाहेरचं चालत नसे. त्यामुळे ते गेल्यावर, दुःख ओसरल्यावर, एका शनिवारी सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "मला एकदा कोणीतरी वाढून आणलेलं खायचंय." मी त्यांना डोसा खायला घेऊन गेले. वेटरने ताट समोर ठेवलं तेव्हा त्यांनी ते जरा फिरवून पाहिलं, आणि दागिना बघावा तशा त्या बघतच राहिल्या. तेव्हापासून शनिवार आमचा ठरला. माझ्या नवऱ्याची त्या दिवशी बहुतेक सेकंड शिफ्ट असायची. आम्ही संत तुकाराम नगरमधून निघायचो आणि कुठेतरी जाऊन खाऊन यायचो. मिसळ, पावभाजी, कुठे नवीन हॉटेल उघडलं की तिथली थाळी. घरी येताना हसत यायचो.

आजारानंतर आम्ही पुन्हा निघालो, तर काय! वेटरला सांगायचं तरी कसं?

"मला गव्हाची अॅलर्जी आहे," मी सांगायचे.

"ठीक आहे मॅडम. मग रोटी मैद्याची देतो."

"मैदा गव्हाचाच असतो ना!"

"नाही मॅडम, आमचा मैदा स्पेशल असतो."

दुसऱ्या एका ठिकाणी मॅनेजर स्वतः आला. फार अदबीने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "समजलं. गहू नको. रव्याची इडली पाठवू?" तिसऱ्या ठिकाणी मी नुसता भात आणि पनीरची भाजी घेतली. वेटरने शपथेवर सांगितलं की त्यात गहू नाही. भाजीचा रस्सा दाट व्हावा म्हणून आत मैदा कालवला होता हे त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मला ते पुढचे तीन दिवस कळत राहिलं.

त्यानंतर मी ठरवलं, बास. सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही खा. मी सोबत बसते." पण मी समोर नुसतं लिंबू सरबत घेऊन बसले की त्यांना घास गिळवेना. त्या म्हणायच्या, "राहू दे, घरीच जाऊ." असे कितीतरी शनिवार गेले.

मग तो निगडीचा दिवस आला.

सासूबाईंची एक मैत्रीण प्राधिकरणात राहते, तिला भेटून आम्ही बस टर्मिनसकडे चाललो होतो. भूक लागली होती. रस्त्याला एक नाश्त्याचं हॉटेल होतं, सहा-सात टेबलांचं, दारातच कढई. आत गेलो. मालक गल्ल्यावरून उठून स्वतःच पाणी घेऊन आले. चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ.

"बोला मावशी, काय देऊ? गरम समोसा आहे, ब्रेड पकोडा आहे."

मी माझं पुराण सुरू करणार, तेवढ्यात सासूबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला आणि मालकांना म्हणाल्या, "हिला उपास आहे."

मालकांचा चेहराच बदलला. त्यांनी टेबलावरचा ग्लास उचलला, "थांबा ताई, हा नको," म्हणाले आणि दुसरा, विसळलेला घेऊन आले. फडक्याने टेबल पुसलं. मग म्हणाले, "साबुदाणा वडा देतो. घाबरू नका, उपासाची कढई वेगळी, तेल वेगळं, झारासुद्धा वेगळा. आत घरच्याच करतात. त्या कढईला दुसरं काही लागू देत नाहीत."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या छताच्या पंख्याकडे पाहत होत्या.

साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, जिरं, मीठ. हिंग नाही, कारण आत बसणाऱ्या त्या बाईंना हिंग उपासाला चालत नव्हता. वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं. मी भिंतीवरच्या फलकावरची उपासाच्या पदार्थांची नावं पुन्हा पुन्हा वाचली. त्यात माझ्या पोटाला न चालणारं काहीही नव्हतं. आणि जे मी महिनोन्‌महिने दहा जणांना समजावून थकले, ते सगळं, वेगळी कढई, वेगळा झारा, पुसलेलं टेबल, एका शब्दात झालं होतं. वडा आला. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, सोबत दही आणि दाण्याची चटणी. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मालक लांबून बघत होते. नंतर कळलं, त्यांना ते भक्तीचं पाणी वाटलं.

घरी जाताना बसमध्ये मी म्हटलं, "आई, हे बरं नव्हे. खोटं बोललात."

"खोटं काय त्यात? अमुक खायचं नाही म्हणून खात नाही, त्यालाच उपास म्हणतात. देवाने सांगितला काय नि डॉक्टरने सांगितला काय."

मी तिकीट काढलं आणि पुढच्या खेपेला खिचडी मागवायची हे ठरवून टाकलं.

माझी कंपनीची बस चाकणहून तळवड्यामार्गे निगडीला येते. मी तिथेच उतरते. आता रोज उतरल्यावर ते हॉटेल समोर दिसायचं आणि संध्याकाळी भूक तर लागलेलीच असायची. मी सोमवारी गेले. मालक म्हणाले, "सोमवार, महादेवाचा." मी मान हलवली. मंगळवारी गेले तेव्हा "गणपतीचा," म्हणाले. गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा. शनिवारी सासूबाई सोबत असायच्या, तो मारुतीचा होताच. एका बुधवारी मात्र मालकांनी खिचडीची बशी ठेवता ठेवता भुवया उंचावल्या.

"ताई, बुधवार कुणाचा हो?"

माझी पाटी कोरी. "आईंना विचारून सांगते," म्हटलं. घरी येऊन सासूबाईंना विचारलं तर त्या भाजी निवडत म्हणाल्या, "बुधवार पांडुरंगाचा. आणि रविवार खंडोबाचा. कोणी विचारलं तर अडखळू नकोस." म्हणजे आठवडा भरला.

यातून काय होणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मालकांची बायको आधी आतल्या बाजूलाच असायची. पदर खोचलेली, हातात झारा, चाकणजवळच्या एका गावची माहेरवाशीण. मी त्यांना वहिनी म्हणू लागले. हळूहळू त्या बाहेर येऊन माझ्याशी बोलायला लागल्या. मग माझ्यासाठी म्हणून काही वेगळं करायला लागल्या. वरीच्या तांदळाचं घावन, राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, रताळ्याचा किस. "रोज रोज साबुदाना खाऊन कसं व्हनार ताई? पित्त व्हतंय त्यानं." इतकं मनापासून मला कोणी हॉटेलात खाऊ घातलं नव्हतं. मी दोन घास जास्तच खायचे आणि वजन चांगलं चार किलोने वाढलं. त्यावर वहिनी मालकांना म्हणाल्याचं मी ऐकलं, "सातबी वार उपास अन् अंगावर तेज बघा कसं आलंय."

गिऱ्हाइकांतही ही गोष्ट पसरली. एका संध्याकाळी मी घावन खात बसलेली असताना एक टेम्पोवाला दादा हात जोडून समोर उभा राहिला. कंपन्यांचे सुटे भाग वाहायला त्याने नवीन टेम्पो घेतला होता, झेंडूची माळ घालून तो दारात उभा होता.

"ताई, तुमच्या हातानं नारळ फोडाल का? मालक सांगत होते, तुमच्याएवढं करणारं आजकाल कोण नाही."

मी म्हटलं, "अहो, मी कोण? घरच्यांच्या हातानं फोडा ना."

"घरच्यांनी फोडला होता मागच्या टेम्पोला. गिअरबॉक्स गेला."

आता याला काय बोलणार! मी उठले. मनातल्या मनात सगळ्या सात वारांच्या देवांची माफी मागितली आणि नारळ दगडावर आपटला. एका दणक्यात दोन शकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी सांगितलं तेव्हा माझा नवरा जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. "तू आता कंपनीत राजीनामा दे," तो म्हणाला, "आपण मठच काढू."

चैत्रात वहिनींच्या माहेरी गावची जत्रा असते. त्यांनी आम्हाला आग्रहाचं बोलावणं केलं. "पहिल्या दिवशी पालखी अन् पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी मटण. तुमी दुसऱ्या दिवशी या ताई, रविवार हाय, सुट्टी असंल. तुमच्यासाठी उपासाचं सगळं मी सोता करनार. मावशींना चालतंय ना मटण?"

"मला चालतंय," सासूबाई इतक्या झटकन म्हणाल्या की मी त्यांच्याकडे बघितलंच.

चाकण सोडून आत वळलं की रस्त्याच्या एका बाजूला कंपन्यांच्या पत्र्याच्या लांबच लांब शेड आणि दुसऱ्या बाजूला कांद्याची शेतं. गावात शिरताच ढोल ऐकू आले. कुस्त्यांच्या फडाकडे माणसं लगबगीने चालली होती. वहिनींच्या माहेरी अंगणात मांडव घातला होता. मागे परड्यात तीन चुली पेटल्या होत्या, एकीवर मटणाचं मोठं पातेलं आणि दुसऱ्या दोन्हींवर बाजरीच्या भाकऱ्या. भाकऱ्या थापण्याचा थपथप आवाज आणि भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण यांचा वास. तो वास माझ्या नाकात शिरला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

कारण माझ्या ध्यानात आलं की इथलं सगळं मला चालणार आहे. बाजरीची भाकरी. मटण. भात. कांदा आणि लिंबू. पिंपरीपासून चाकणपर्यंत मी ज्या जेवणाला मुकले होते, तसलं अख्खं जेवण माझ्यासमोर शिजत होतं. आणि मी उपाशी! उपाशी म्हणजे, उपासाची.

पंगत बसली. सासूबाईंना मटणाचं ताट आलं. माझ्यासाठी मात्र वेगळा पाट, केळीचं पान, त्यावर भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. वहिनींनी मोठ्या मायेने वाढलं. सासूबाईंनी भाकरी रश्श्यात कुस्करली, पहिला घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग त्यांनी एक नळी उचलून ताटावर ठोकली. मी भगर खात होते. भगर चांगलीच होती. पण शेजारी नळीतला गर सुर्रकन ओढला जात असताना भगर घशाखाली उतरायला वेळ लागतो.

"आई," मी दात आवळून म्हटलं, "जरा हळू खा."

"अगं, मी तर मुद्दाम पटापट संपवतेय, तुला त्रास नको म्हणून," त्या म्हणाल्या आणि आणखी रस्सा मागितला.

तेवढ्यात वहिनींची आई काठी टेकत आली आणि माझ्यासमोर बसली. सत्तरीपुढची, कपाळावर मोठं कुंकू. बराच वेळ मला न्याहाळत राहिली.

"तूच व्हय गं ती सात वारांची?"

मी खाली मान घालून हो म्हटलं.

"माझी लेक लई सांगती तुझं. पर मला सांग बाय, एवढी तरनीताठी तू, कंपनीत कामाला जातीस, अन् पोटाला एवढं का मारतीस? काय मागतीस देवाकडं?"

ती पुढे सरकली आणि तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात खरखरीत आणि गरम होता.

"हे बघ. काय असंल ते असू दे, मला सांगू नगंस. पर सात लई हाईत. एक वार मला दे. बुधवार दे. मी धरते तुझ्या नावानं. मला आता न्हाईतरी भूक लागत न्हाई. तेवढाच एक दिस तू पोटभर खा."

सासूबाईंचा हात ताटावर तसाच थांबला. टेम्पोचा नारळ फोडता आला होता मला, पण हे नाही पेलवलं.

"आजी, मला उपास नाहीये," मी म्हटलं.

"आँ?"

"एकही नाही. मला गहू सोसत नाही. गव्हाचा कण पोटात गेला की आजारी पडते. हॉटेलात लोकांना समजत नाही, पण उपास म्हटलं की समजतं. म्हणून..."

"मी सांगितलं तसं," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "तिचा दोष नाही. जीभ माझी आहे."

वहिनी हातात रश्श्याची वाटी घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पंगतीतल्या आसपासच्या बायकाही वळून बघू लागल्या.

"म्हंजे सोमवारबी न्हाई?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"शनिवार?"

"नाही वहिनी. आषाढी एकादशी धरते फक्त."

"अन् मटण खाता?"

"खाते."

"आवडतंय?"

"फार," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका केविलवाणा निघाला की आजीला पहिल्यांदा हसू फुटलं. आधी ती बिनआवाजाची हसली, नुसतेच खांदे हलत होते, मग मोठ्याने, डोळ्यांना पदर लावून. "अगं माझ्या बाय! अन् मी म्हनतेय, पोर भगरीकडं बघती का मटणाकडं!" सगळी पंगत हसायला लागली. सासूबाईही हसल्या.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. वाटी ठेवून त्या तरातरा परड्याकडे निघून गेल्या. इतके महिने या बाईने माझ्यासाठी घावनं केली, किस केले, कढई जपली, तिला काय वाटलं असेल? मी पानावरून उठणार तोच त्या परत आल्या. चेहरा गंभीर, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

"ती भाकरी खाऊ नका," त्या म्हणाल्या. "सकाळी पोरांसाठी चपात्या केल्या व्हत्या त्याच परातीत. आता परात घासून घेतलीय राखेनं. तवाबी दुसरा टाकलाय. पीठ चालंल ना?"

"दळलं कुठे?" मी विचारलं.

उत्तर आजीने दिलं. "पोळ्यांचा गहू लई आधी दळून व्हतो, मंग जत्रेतोवर आमच्या गिरणीत बाजरीबिगर काय पडतच न्हाई. समद्या गावाची भाकरी असतीय. अन् आमचं दळान तर मधल्या दिसाचं, तवर गव्हाचा कनबी उरत न्हाई."

"मटणात हिंग?"

"मटणात हिंग कोन घालतंय!" वहिनी जवळजवळ ओरडल्याच, आणि मग त्यांनाही हसू आलं. हसता हसता त्यांनी पिठाच्या हाताने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. ब्लाउजवर पाचही बोटं उमटली. "आधी सांगायचं न्हाई व्हय? तुमच्यापायी म्या सैंधव मीठ आनून ठेवलं!"

भाकरी आली. पापुद्रा टम्म फुगलेला, कडा जरा करपलेल्या. मटणाचं ताट आलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, आणि पुढची काही मिनिटं माझ्याशी कोणी काय बोललं ते मला सांगता येणार नाही. तिखटाने नाक वाहत होतं, कान गरम झाले होते. आजी शेजारी बसून माझ्या ताटात लिंबू पिळत होती.

हॉटेलचे मालक रश्श्याची बादली घेऊन पंगतीत वाढत येत होते. माझ्यासमोर आले, आणि माझ्या हातातली नळी पाहून त्यांचा पळाच हवेत थांबला.

"ताई! आज रविवार... खंडोबाचा..."

"गप वाढा तुमी," वहिनी म्हणाल्या. "त्यांना गहू सोसत न्हाई."

"मग?"

"मग काय? मटणात गहू असतोय का?"

मालकांनी बराच विचार केला. काहीच उलगडलं नसावं. पण बायको म्हणतेय म्हटल्यावर त्यांनी दोन पळे रस्सा वाढला आणि पुढे गेले. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसरी संपल्यावर आजीने तिसरीचा अर्धा तुकडा न विचारता वाढला आणि मी तोही खाल्ला. पोटाला काहीही झालं नाही, त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. निघताना आजीने मला जवळ घेऊन माझ्या गालांवरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "आता बुधवारी मी मोकळी झाले गं बाय."

सोमवारी कंपनीच्या बसमधून निगडीला उतरले तेव्हा हॉटेलात जाऊ की नको असं झालं होतं. वहिनी दारातच होत्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली कोरी कढई दाखवली.

"उपासाच्या कढईत म्या कांदा घालनार न्हाई," त्या म्हणाल्या. "ती देवाची हाय, अन् समोशाची तुमाला चालत न्हाई. मग काय करनार? ही तुमची."

बेसनाचं मी सांगितलं. बाजारच्या बेसनाचा भरवसा नसतो, एकाच गिरणीत सगळं दळतात. त्यावर त्यांनी हरभऱ्याची डाळ माझ्याकडे दिली, आमच्या घरघंटीवर दळून आणायला. हिंगाचा मात्र त्यांनी खडा मिळवला, निव्वळ, खलबत्त्यात कुटून घ्यायचा. पहिल्या दिवशी त्या कढईत त्यांनी कांदा भजी सोडली. सासूबाईंना मी फोन करून बोलावून घेतलं होतं. त्या रिक्षाने आल्या, नेहमी बसने येतात तरी. भजी बशीत पडली तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच हात घातला.

तो टेम्पोवाला दादाही शेजारच्या टेबलावर होता. मालकांनी त्याला सगळी हकीकत आधीच सांगितली होती. मला वाटलं, आता हा नारळाचं काहीतरी काढणार. तो म्हणाला, "ताई, उपास नसू दे. टेम्पो मस्त चाललाय. त्या भज्यांतलं एक द्या फक्त."

एक दिलं. त्याने ते खाल्लं आणि मालकांना हाक मारली, "राव, हे आम्हाला का नाही देत? आम्ही काय पाप केलंय?" ताजं तेल, घरचं बेसन, कुटलेला हिंग. चव वेगळीच लागणार. दुसऱ्या दिवशी त्याने दोन मित्र आणले. मग कंपनीतून सुटलेली पोरं मागायला लागली. आता फलकावर खाली मालकांच्या हस्ताक्षरात एक ओळ आहे, 'गव्हाशिवायच्या कढईतली भजी', आणि त्या भज्यांसाठी संध्याकाळी इतकी गर्दी असते की मलाच थांबावं लागतं. डाळ दळायला आता आमची घरघंटी पुरत नाही म्हणून वहिनींनी स्वतःची घेतली. तिच्यात चुकून गहू पडू नये म्हणून त्या मालकांनाही तिला हात लावू देत नाहीत.

गेल्या शनिवारी तर बसायला जागाच नव्हती. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. वहिनींनी आतून पाहिलं आणि हाक मारली, "अवो मावशी, बाहेर कशाला थांबता? आत या!" आत दोन कांद्याच्या गोण्या होत्या, त्यावर त्यांनी वर्तमानपत्र टाकलं. आम्ही कढईशेजारी बसलो. त्या झाऱ्याने भजी काढत होत्या आणि थेट आमच्या बशीत टाकत होत्या. सासूबाईंनी धीर न धरता पहिलंच भजं तोंडात टाकलं, जीभ भाजली, तोंडाने हुश्श हुश्श करत राहिल्या आणि बोलता येईना म्हणून हातानेच खूण केली, अजून एक प्लेट.